काळ्या कोटावरचा निळा दोरा

रफूवाल्या काकूंचा कोणावरच विश्वास नव्हता. दोऱ्यांचा दुकानदार लबाड, बल्ब विकणारा लबाड आणि दोन वर्षांपूर्वी ‘मोतीबिंदू धरतोय’ म्हणणारा डोळ्यांचा डॉक्टर तर महालबाड! “चाळीस वर्षं याच डोळ्यांनी लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली,” काकू फणकारायच्या, “आता हा मेला मला शिकवणार!”

मग एक दिवस वकीलसाहेब काळा कोट घेऊन परत आले. “काकू, बाहीवर निळा दोरा दिसतोय हो. भर कोर्टात लोक हसले.”

काकूंना तो काळाच दिसत होता. पण वकील कशाला खोटं बोलेल? आजवर त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं. असं आणखी एक आलं, की संपलंच सगळं. हातातली सुई गेली तर मागे उरायचं काय?

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. रिळांच्या डब्याला हात लावणारं घरात दुसरं आहे कोण? सूनबाई! काकू आंघोळीला गेल्या, की डब्याचं झाकण वाजायचं. बरोबर! काळ्याच्या कप्प्यात निळं टाकायचं आणि म्हातारीला घरी बसवायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरातला नळ नुसता सोडून ठेवला आणि दाराआड दबा धरला. सून आली, डबा उघडला, दोन रिळं इकडची तिकडे केली.

“सापडलीस!”

सून दचकली, पण पळाली नाही. “आई, काळ्याच्या कप्प्यात निळं पडलं होतं. जागेवर ठेवत होते.”

“थापा मारू नकोस!” काकूंनी दोन्ही रिळं हिसकावली. त्यांना ती जुळी दिसत होती. दारात पोस्टमन आला होता. त्याच्याच नाकासमोर धरली. “काळं कोणतं रे?”

त्याने पाहताक्षणी एकावर बोट ठेवलं. “हे. दुसरं निळं आहे की, काकू.”

काकू सुनेकडे वळल्या. “कधीपासून करतेस हे?”

“वर्ष झालं. मागच्या आठवड्यात चार दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात तो कोट रफू होऊन गेला.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुमचा विश्वास बसला असता?”

काकूंना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि रिळांचा डबा सुनेपुढे सरकवला.

“उसवते मी. काळा दोरा तू निवडून दे,” त्या म्हणाल्या. “आणि ऑपरेशनची तारीखही तूच ठरवून ये.”