दाढीवर बसणारा मास्क

गाड्या रंगवण्यात त्या रंगाऱ्याचा हात धरणारं शेडमध्ये कोणी नव्हतं. त्याने फवारलेल्या दारात माणसाला आपलं तोंड दिसायचं, म्हणून सगळे त्याला आरसा म्हणत. स्वतःचं तोंड आरशात बघायचं मात्र त्याने कधीच सोडून दिलं होतं.

पूर्वी त्याला छातीवर रुळणारी दाढी होती. धर्माने सांगितलेली, वडिलांना होती तशीच. मग कंपनीत रंगाच्या वाफेसाठी नवे मास्क आले आणि त्यांच्याबरोबर परीक्षा आली. मास्क चढवायचा, समोरून कडू पाण्याचा फवारा मारायचा. जिभेला कडू लागलं की मास्क गळतोय. दाढीवर मास्क घट्ट बसणार कसा? सुपरवायझर म्हणाले, "दाढी काढ, नाहीतर उद्यापासून आवार झाडायला जा. मी काय करू, नियम आहे."

नियम म्हटला की भलेभले मान खाली घालतात. यानेही घातली. दुसरा मास्क मिळतो का, एवढं साधं विचारायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी जीभ रेटली असती की नाही, कोण जाणे. त्याच्या धर्माची चार माणसं शेडमध्ये, उगाच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं, हे त्याच्या अंगात पुरतं मुरलेलं. रंगाची बंदूक हातातून जाऊ नये म्हणून त्याने दाढी उतरवली. दुसऱ्या दिवशी जिभेला काही लागलं नाही. पास झाला.

घरी म्हातारे वडील होते. त्यांची नजर गेलेली. संध्याकाळी मुलगा आला की ते त्याच्या हनुवटीवरून हात फिरवत आणि विचारत, "दमलास का रे?" त्या दिवसापासून तो दारातूनच म्हणू लागला, "अंगाला रंग आहे, बाबा. हात लावू नका." आंघोळ करून आला तरी तेच. वडिलांचा हात जरा वेळ तसाच थांबायचा, मग मांडीवर जायचा. असं करत करत एक दिवस ते गेले.

परवा दुसऱ्या शाखेतून एक दाढीवाला रंगारी बदलून आला. सुपरवायझरांनी त्यालाही नियम ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "तिकडे आम्हाला डोक्यावरून घालायचा मास्क देतात, साहेब. आत हवा सोडतात, दाढी आड येत नाही. इथे नाही का?"

होता. गोदामात खोक्यात पडून होता, कारण कोणी मागितलाच नव्हता. तसा मास्क आहे हे सांगणं खरं तर सुपरवायझरांचं काम, पण त्यांच्यावर चिडणंही आरशाला जमलं नाही. नव्या माणसाला मास्क नीट चढवून द्यायचं काम त्याच्याकडेच आलं. त्याने त्या माणसाची दाढी अलगद आत सारली आणि पट्टे आवळले.

घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"बाबांना कळलं नाही, एवढंच काय ते बरं झालं," तो म्हणाला.

"त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "दाढीच्या साबणाचा वास दारातूनच आला म्हणाले."

"मग बोलले का नाहीत?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, नोकरीपायी केलं असेल, लाजलाय बिचारा. येईल आपणहून जवळ." आईने भाजी बाजूला ठेवली. "म्हणून तर रोज हात पुढे करायचे."