वासुकीच्या तोंडाकडची बाजू

या पानावरचे अनुभव मी जेवताना वाचते आणि हसते. पिंपळावरच्या बाया, वळणावर लिफ्ट मागणारे म्हातारे... सगळे मनाचे खेळ, असं माझं ठाम मत. शिक्षण मानसशास्त्राचं, घर डोंबिवली पूर्वेला, नोकरी ठाण्यात. भुताखेतांना द्यायला वेळ कुठला? तरी आज लिहायला बसलेय, कारण हातांवरचे डाग अजून गेलेले नाहीत.

आमची संस्था तरुण मुलामुलींची शिबिरं घेते. वागळे इस्टेटमध्ये एका बंद वर्कशॉपची शेड आम्हाला मिळालेली आहे, तिथे. गेल्या वर्षी आमच्या संचालक प्रभामॅडम म्हणाल्या, "मुलगा आठ वर्षांचा झाला की आपण मुंज करतो. आणि अठराव्या वर्षी, खरं मोठं होताना? लायसन्स काढून देतो, संपलं! मुलींच्या वाट्याला तर मुंजही नाही. पुराणातली एखादी गोष्ट घेऊन या वयाच्या पोरांसाठी नवा संस्कार तयार करा." जिची कल्पना पसंत पडेल, तीच या कार्यक्रमाची प्रमुख होणार होती. अकरा वर्षं मी अशाच संधीची वाट बघत होते.

मी महिनाभर खपले. गटचर्चा, मनोगत, शपथ, आणि शेवटी मातृभोजन – मुंजीत असतं तसं, आईच्या ताटात बसून जेवायचं. मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे, स्वाती."

मग केतकी उठली. कोपरला राहणारी, सव्वीस वर्षांची, आमच्याकडे येऊन जेमतेम सहा महिने झालेली. ना कागद, ना प्रेझेंटेशन. म्हणाली, "समुद्रमंथन करू या. जाड दोर आणू, तोच वासुकी नाग. मुलं दोन्ही टोकांनी ओढतील. पण दोर धरायच्या आधी प्रत्येकाने स्वतःच्या आतलं विष मोठ्याने सांगायचं. अमृताच्या आधी तेच वर आलेलं ना?"

मॅडम म्हणाल्या, "वा!"

मला 'चांगलं आहे' आणि तिला 'वा'! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगू? तिचं सगळंच मला खुपायचं. शिबिरातली पोरं तिला 'केतकीदी, केतकीदी' करत चिकटायची आणि मला लांबूनच 'गुड मॉर्निंग मॅम'. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिची कल्पना खरंच माझ्यापेक्षा चांगली होती.

तरी मॅडमनी शेवटचा निर्णय तालमीनंतर घ्यायचं ठरवलं. शुक्रवारची दुपार, शेडमध्ये आम्ही तिघीच. लाइट गेलेली, पंखे बंद, वरचे पत्रे तापलेले. केतकीने वर्कशॉपमधलं जुनं लाकडी रीळ उभं करून त्याचा मंदार पर्वत केलेला, त्याला कल्याणच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या सुती दोराचा वेढा. दोराच्या एका टोकाला तिने गाठ मारून स्केचपेनने दोन डोळे काढलेले.

आधी विष सांगायची पाळी आली. केतकी म्हणाली, "मला सगळ्यांनी सतत छान म्हणावं असं वाटतं. नाही म्हटलं की मी रात्रभर रडते." मॅडमचे डोळे भरून आले. इथेही हिने बाजी मारली!

"आणि स्वाती, तुझं?"

"माझ्याकडे तसं काही नाही," मी म्हटलं आणि सरळ डोळे काढलेलं टोक उचललं. "तोंडाकडून मी ओढणार."

"ताई," केतकी हळूच म्हणाली, "गोष्टीत तोंडाची बाजू कोणी मागितलेली... माहितीये ना?"

दानवांनी. शेपूट धरणं त्यांना कमीपणाचं वाटलं म्हणून. मग वासुकीच्या गरम फुत्कारांनी तेच होरपळले, आणि शेपटाकडच्या देवांवर पाऊस पडला. मला काय ठाऊक नव्हतं? "तू नको शिकवूस गं मला," मी म्हटलं. "शेपूट धरायला मी काय काल आलेय?"

आम्ही ओढायला लागलो. एकदा ती, एकदा मी. रीळ करकरत फिरू लागलं. आणि माझ्या हातांवर गरम वाफ आली. कुकरचं झाकण घाईत उघडल्यावर येते ना, तशी – त्या गाठीतून, थांबून थांबून, कोणी श्वास सोडावा तशी. मी ओरडून दोर टाकला. समोर केतकी हसत होती. "कसला गार वारा येतोय गं ताई इकडे! पाऊस आल्यासारखा!" तिच्या ओढणीवर खरंच पाण्याचे बारीक थेंब होते. मॅडमनीही ते बघितले. त्यांनी गाठीला हात लावला. दोर गार होता.

माझ्या दोन्ही हातांच्या पाठी लाल होऊन टरारून फुगल्या होत्या. दोर घासून भाजलं म्हणावं, तर तळवे स्वच्छ. संध्याकाळी आमचे डॉक्टर म्हणाले, "वाफेने भाजलंय. स्वयंपाक करताना लक्ष कुठे असतं तुमचं?" मी सकाळपासून गॅसजवळही गेले नव्हते.

कार्यक्रमाची प्रमुख अर्थातच केतकी झाली. पहिल्या बॅचच्या आधी मी तिला म्हटलं, "आज तू तोंडाकडून धरून बघ." म्हटलं, कळू दे तिलाही. शुक्रवारच होता, लाइटही गेलेली. तिने दोर धरला, मी शेपटाकडून. बराच वेळ ओढलं. तिला काही झालं नाही. मला म्हणाल तर गार वाऱ्याची झुळूकही नाही, नुसता घाम.

तोच दोर, तीच शेड... मग भाजायला मी एकटीच का सापडले?

केतकीला विचारलं, तर माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी तू तुझं विष सांगितलंच नव्हतंस."

घ्या! हेसुद्धा तिलाच सुचायचं होतं.