कडा काढलेलं सँडविच

चीजचा डोंगर किसून घातलेलं सँडविच समोर आलं की मला आधी शंका येते. खाली नक्की काहीतरी लपवलेलं असतं, शिळा बटाटा नाहीतर पाणी सुटलेला टोमॅटो. सुरतेत हातगाडीला लारी म्हणतात. अशा लाऱ्यांपाशी उभं राहून मी आजवर इतकी सँडविचं खाल्ली आहेत की आता कुणी मला सहज फसवू शकत नाही. मला साधंच आवडतं. साच्यात दाबून भाजलेलं, बाहेरून करकरीत, आत बटाटा गरम पण काकडी अजून गार, आणि हिरवी चटणी पार कोपऱ्यापर्यंत पोचलेली. शेवटचा घास कोरडा लागला की सगळी मजा गेली.

आईला हे प्रेम कधी कळलं नाही. तिच्या मते पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं. लग्न करून ती खानदेशातून सुरतेच्या लिंबायत भागात आली. गल्ली बदलली, शेजारी बदलले, पण ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काही बदलला नाही.

म्हणून एका दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी चक्रावले.

"ताई, आई माझ्या हातचं खात नाहीत."

"म्हणजे? उपास धरलाय का?"

"उपास असता तर सांगितलं असतं की. ताटात भाकरी घेतात, मी पाणी आणायला उठले की भाकरी गायब. परवा मागच्या दाराशी गायीला घालताना बघितलं मी. वर दुपारी कुठेतरी निघून जातात. विचारलं तर म्हणतात, देवळात गेले होते. दुपारचं देऊळ बंद असतं, ताई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणीतरी त्यांचे कान भरलेत."

खरं सांगायचं तर मला पहिला संशय वहिनीचाच आला. ती दिवसभर साड्यांना लेस लावण्याचं काम घरी करते, वैतागलेली असते, एखादा टोचरा शब्द गेला असेल. मी भेस्तानच्या माझ्या घरून रिक्षा करून माहेरी गेले. भाऊ कारखान्यात होता. त्या दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलत होत्या, आणि मला तेच खटकलं. वहिनी आईच्या ताटाकडे बघत होती, आई वहिनीच्या नजरेकडे. ताटातली भाकरी आईने नुसती कुस्करली.

"भूक नहीं माले," ती म्हणाली.

पण तिचा चेहरा उपाशी माणसाचा नव्हता. जवळ जाऊन बसले तर पदराच्या टोकाला हिरवा डाग दिसला. नाक नेलं तर कोथिंबीर, आणि त्यामागे अमूल बटरचा वास. वहिनीच्या घरात बटर येत नाही.

दुसऱ्या दुपारी मी आईला न सांगता गल्लीच्या तोंडाशी थांबले. ती डोक्यावर पदर घेऊन निघाली. मागे वळून बघितलं तिने, घराकडे. मग रस्ता ओलांडून, शाळेच्या भिंतीलगत, एका सँडविचच्या लारीमागे गेली. तिथे प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं, जसं काही तिच्यासाठीच. लारीवाला पांढऱ्या मिशांचा गुजराती माणूस. तिने काही मागितलं नाही. तरी त्याने तिच्यासाठी पाव घेतला, सुरीने चारही कडा काढल्या, भरपूर बटर आणि चटणी लावली, उकडलेला बटाटा चिरण्याऐवजी चेचून घातला आणि न भाजताच तिच्या हातात दिला. काकडी नाही, कांदा नाही.

काय काय मनात येऊन गेलं ते लिहायलाही लाज वाटते. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. या परक्या माणसाला तिची आवड तोंडपाठ होती आणि मला मात्र तिला पाव चालतो हेही ठाऊक नव्हतं. मी तरातरा पुढे गेले.

"माय, हे देऊळ आहे का?"

ती दचकली. घास गालात तसाच राहिला. तेव्हा मला दिसलं, तो डाव्या गालातच होता. उजवा गाल तिने तळहाताने धरला होता.

लारीवाल्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. बहुधा मी तिला ओरडायला आलेय असं त्याला वाटलं. "बेन, बा ने कडक नथी फावतुं," तो म्हणाला. त्यांना कडक झेपत नाही.

"दात दुखतस," आई हळूच म्हणाली.

"कधीपासून? आणि सांगितलं का नाहीस?"

"कोनले सांगू?" भाकरी चावत नाही म्हटलं तर सुनेला वाटेल, सासू तिच्या भाकरीला नावं ठेवते. मुलाला सांगितलं तर तो दवाखान्यात नेईल, आणि गल्लीतल्या एकीचे दात काढल्यावर तिची नजर गेली म्हणतात. असं सगळं तिने आपल्या अहिराणीत सांगितलं, आणि मग उरलेला अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. "तुले बी खावानं शे?"

मी खाल्लं. करकरीत काही नव्हतं त्यात. पण मऊ पाव, बटर, लसणाची तिखट चटणी आणि जिभेवर विरघळणारा बटाटा. भुकेल्या, दुखऱ्या तोंडाला याहून काय हवं असणार! तिने किती दिवस अर्धपोटी काढले असतील ते त्या घासाबरोबर माझ्या लक्षात आलं.

घरी येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग चिडली. "मी काय परकी आहे का, आई? मला वाटलं, माझ्या भाकरीत विष आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला."

"तुझी भाकर चांगली शे," आई म्हणाली. "माझं तोंड वाईट."

दाताच्या डॉक्टरकडे तिला नेणं सोपं नव्हतं. तिथेही ती प्रत्येक हत्याराकडे डोळे बारीक करून बघत होती आणि काढलेला प्रत्येक दात तिने मागून घेतला, नीट निरखला, खरंच किडलेला होता याची खात्री करूनच परत दिला. नजर शाबूत राहिली. पुढे कवळी बसली आणि ती पुन्हा भाकरी खाऊ लागली, वहिनीच्या समोर बसून, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

तरी आठवड्यातून एखादी दुपार ती शाळेच्या भिंतीकडे जाते. आता वहिनीला बरोबर नेते. वहिनीला भाजलेलं लागतं.