वेलीखालची कमान

आमच्या गंगापूर रोडच्या शिल्पकामाच्या शेडमध्ये लोखंडाच्या तुकड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. एकाला हात घातला की चार अंगावर येतात! आणि चारांतले तीन तरी दिनकरचे.

दिनकर शिल्पकार, मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. सत्तरच्या दशकात कुणीतरी त्याला चिनी ताओ विचाराचं पुस्तक दिलं आणि गडी पार बदलला! "पाण्यासारखं व्हायचं. निसर्गाच्या आड यायचं नाही!" छिन्नी ठेवून दिली आणि दगड सरकवला गळक्या नळाखाली. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला हाक मारली, "भावजी, या बघायला! नळाला कामाला लावून तुमचे मित्र झोपलेत!"

*

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात वेल्डर असलेला गायकवाड सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचा. त्याच्याकडून लोखंडी कमान जोडून घेताना दिनकर समजावत होता, "मधली रिकामी जागा हेच खरं शिल्प."

गायकवाड म्हणाला, "मग लोखंड कशाला आणलंस? रिकामी जागाच टेम्पोत टाकू की!"

*

त्या कमानीवर दिनकरनं पावसापाण्यात छान गंज चढू दिला. शेजारच्या काकांना ते बघवेना. त्यांनी प्रेमानं गंजावरचा लाल रंग, रेड ऑक्साइड, फासून दिला! दिनकर लालबुंद झाला, मग दातओठ खात म्हणाला, "काकासुद्धा निसर्गच!"

*

आम्ही हसायचो खरे, पण त्याचं एकही काम मोठ्या प्रदर्शनात लागलं नव्हतं, हे सगळ्यांनाच खुपायचं. शेवटी ती कमान त्यानं निफाडला मेव्हण्याच्या, म्हाळूच्या, द्राक्षबागेत उभी केली. "वेल पुरती चढली की शिल्प पुरं!"

म्हाळू म्हणाला, "मंग मांडव म्हना की दाजी!"

*

आणि ऐंशीनंतर एकदा, दिल्लीच्या प्रदर्शनासाठी निवड करणारे एक म्हातारे साहेब मुंबईहून थेट बागेत आले! आम्ही सगळे हजर. कमानीवर घडच घड लोंबत होते, लोखंड बोटभरही दिसत नव्हतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "शिल्प दाखवा लवकर. मला परतीची गाडी गाठायचीय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. म्हाळूनं कात्री काढली. "दाजी, छाटू का? आत्ता मोकळं करतो!" भरल्या घडांसकट छाटायला निघाला होता पठ्ठ्या!

दिनकरनं त्याचा हात धरला. "नको रे. राहू दे."

साहेबांनी वेलीकडे पाहिलं, मग दिनकरकडे. चपला काढल्या आणि कमानीखाली मातीतच बसले.

गायकवाड घाबरून म्हणाला, "साहेब, तुमची गाडी..."

"जाऊ द्या हो ती!"