न वाजवता नेलेलं मडकं

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर कुंभाराने काय लिहावं? पण आज राहवत नाही.

पाचूबंदरच्या चांगूमावशी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. मासळी विकून परतताना टोपली खाली ठेवायच्या आणि एकेक मडकं बोटाने वाजवून बघायच्या. "ह्यो बद्द वाजतो, दुसरा दे," म्हणत सगळी ओळ पालथी घालायच्या. मी चिडायचो. मग सुनेने जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणली आणि मावशी यायच्या थांबल्या.

आज सकाळी त्यांचा मुलगा आला. त्याने समोरचं पहिलंच मडकं उचललं. वाजवलं नाही. पाण्यासाठी नेणारा माणूस मडकं वाजवतोच. स्मशानात न्यायचं कुणी वाजवत नाही. मावशी गेल्या, हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं.

ते मडकं बद्द वाजणारं होतं. मी त्याच्या हातून काढून घेतलं आणि दुसरी वाजवू लागलो.

"कुठलंपन चालंल, काका," तो म्हणाला. "फोडायचंच हाय."

"तुझ्या आईला चाललं नसतं," म्हणून मी खणखणीत वाजणारं दिलं.

तो गेल्यावर चाकावर बसलो. हल्ली येतात ते सगळे असेच, न वाजवता नेणारे. तरी रोज पहाटे मी माती तुडवतो. आणि खरं सांगू? दोनचार दिवस कुणी फिरकलं नाही, की रस्त्याकडे डोळे लावून बसतो.

मी कशाची वाट बघतो, तुम्हीच सांगा.