शेजाऱ्याने करून दिलेली ओळख

आमच्या तालुक्यातल्या छोट्या व्यावसायिकांचा मेळावा दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये भरतो. तिथला रिवाज असा, की आपली ओळख आपण सांगायची नाही. शेजारी बसलेल्याने करून द्यायची. मला हे थोडं नाटकीच वाटायचं. मी वह्या-पुस्तकं बांधते. माझं काम बोलेल, ही माझी घमेंड.

परवा शेजारी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. बोटांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं. माझी ओळख करून द्यायला ते उठले, पिशवीतून एक जाडजूड वही काढली आणि पुठ्ठ्याला धरून सगळ्यांसमोर उलटी टांगली.

"ही या ताईंनी बांधलेली. बारा वर्षं विहिरीवर नेतोय. दोनदा पाण्यात पडली. शाई गेली, पण पान एक सुटलं नाही."

टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला. शिवण मी लगेच ओळखली. माणूस मात्र आठवेना. गिऱ्हाइकाच्या हाती दिली, की वही माझ्यापुरती संपते. तिचं पुढचं आयुष्य दुकानात बसून कसं कळणार? काम बोलतं खरं, पण ते आपल्या कानांवर यायला दुसऱ्याचं तोंड लागतं.

आता त्यांची ओळख मी करून द्यायची होती. ताठ मानेने उठले, आणि लक्षात आलं, मी त्यांचं नावसुद्धा विचारलेलं नाही.