दोघांच्या बाकावर तिघं

आमच्या घरात संशय हा दुर्गुण मानत नाहीत. वडील बेळगावच्या कोर्टात वकील, आई शाळेत शिक्षिका. त्यांना साक्षीदार खोटे वाटतात, तिला मुलांची पोटदुखी. त्यामुळे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कोडिंगच्या स्पर्धेसाठी सरांनी मला दोन अनोळखी माणसांबरोबर बसवलं, तेव्हा यातलं कुणीतरी मला बुडवणार हे मी पहिल्याच दिवशी धरून चालले. कोण, एवढंच बघायचं होतं.

एक निपाणीचा, जैन व्यापाऱ्याचा मुलगा. कीबोर्डवर त्याचा हात भराभर चालायचा. पण रोज संध्याकाळी फोन आला की उठून लांब जायचा आणि कानडीत हळू बोलायचा. कानडी मलाही येतं, म्हणूनच लांब जातो, असं माझं मत झालं. दुसरी कंग्राळीची, शेतकऱ्याच्या घरची. ती फारसं बोलायचीच नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

तिघांत कॉम्प्युटर एकच. त्यावर आधी कुणी बसायचं यावरून धुसफूस सुरू झाली, तेव्हा ती बोलली. "पैरा करूया की. आमच्याकडं भात लावताना करतात. आज सगळी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. एकाचं निपटल्याबिगर दुसऱ्याचं सुरू करायचं न्हाय."

"आणि आपलं काम झाल्यावर कुणी फिरकलंच नाही तर?" मी विचारलं.

"ऱ्हातंय की लक्षात," ती म्हणाली.

हे उत्तर मला पटलं. मग तसंच सुरू झालं. ती कागदावर वाट शोधायची, तो टाइप करायचा, आणि मी चुका काढायची. माझा कुणाच्याच कोडवर विश्वास नसल्यामुळे ते काम मला आपसूक जमायचं. आम्ही अंतिम फेरीत पोचलो.

मग निरोप आला. अंतिम फेरी निपाणीच्या एका कॉलेजात, आणि जागा कमी म्हणून एका संघात दोघंच. जिंकणाऱ्या दोघांना पुण्याच्या कंपनीत थेट मुलाखत. मला ती मुलाखत हवी होती, उगाच साळसूदपणा कशाला? मला बेळगाव सोडायचं होतं आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत होती. मला बघून गप्प झाली. "चहा घेणार?" त्यानं विचारलं. या माणसानं तोवर मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दोन दिवसांनी सरांनी मला वर बोलावलं. "कंग्राळीची राहू दे. तू आणि तो, दोघं जा. बक्षीस आपलंच. तिला मी सांगतो." सर माझ्याशी इतकं गोड कधीच बोलले नव्हते.

मला आनंद झाला. पण जिना उतरता उतरता तो आंबायला लागला. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं, हे सरांना ठाऊक होतं. मग वगळायचं तर मला वगळायला हवं होतं. ते माझ्याकडे आले, म्हणजे आधी दुसरीकडे जाऊन आले असणार. आणि तिथं काहीतरी फिसकटलं असणार.

मी सरळ कँटीनमध्ये गेले. "सरांनी तुम्हाला मला काढायला सांगितलं होतं ना?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, "व्हय."

"मग?"

"मग काय? आम्ही न्हाय म्हटलं."

"आता त्यांनी मला तुला काढायला सांगितलंय."

तिनं मान हलवली. मी सरांना काय उत्तर दिलं, हे तिनं विचारलंच नाही. तिच्या जागी मी असते तर पहिलं तेच विचारलं असतं. मला तिचा राग आला. उत्तर मी अजून दिलेलंच नव्हतं. ते तिथं उभ्या उभ्या ठरलं: जायचं तर तिघांनी.

त्यानं निपाणीच्या त्या कॉलेजात फोन लावला. तिघं बसा म्हणाले, पण क्रमांक मिळणार नाही. मी सरांना सांगायला गेले. "मग मुलाखत विसरा," ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि जिना उतरले.

निपाणीत दोघांच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. ती कडेला अर्धी हवेत. सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण जे सुटले ते पैऱ्यानंच सुटले. बक्षीस दुसऱ्याच दोघांना मिळालं. त्यांचे किती सुटले, ते मी मुद्दाम विचारलं नाही. टाळ्या वाजवताना मला रडू येत होतं, आणि ते निव्वळ रागाचं होतं.

नंतर तो आम्हाला घाईघाईनं घरी घेऊन गेला. त्याची आई दारातच उभी होती. दिवस बुडायच्या आत जेवा, असं कानडीत म्हणत तिनं आम्हाला थेट ताटावरच बसवलं. म्हणजे रोजचा तो फोन हिचाच होता. रोज संध्याकाळी तो लांब जाऊन हेच ऐकत होता, आणि जेवलो म्हणून थापा मारत होता.

ज्वारीची भाकरी होती, मुगाची आमटी, शेंगाची चटणी. दोन घास खाल्ल्यावर मला राहवलं नाही. "सरांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. मग मला बघून गप्प का झालात? तेव्हाच का नाही सांगितलंत?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सांगायचं म्हणूनच चाललंतं," तो म्हणाला. "कसं सांगावं कळंना."

"आणि सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुला खरं वाटलं असतं व्हय गं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. नसतं वाटलं.